सायलेन्सर आणि लाल चौकड्यांचा शर्ट

अलाबामातल्या टर्की क्रीक शिकारी क्लबात नेम चुकलेल्या माणसाला कुणी बोल लावत नाही. त्याच्या शर्टाचा मागचा खालचा भाग वीतभर कापतात, त्या तुकड्यावर नाव आणि साल लिहितात आणि तो क्लबाच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकतात. भिंत तशी सगळ्यांची, पण लॉइड टिसडेलनं ती जवळपास एकट्यानंच झाकत आणली होती. बावीस हंगामांत एकोणीस तुकडे. उरलेल्या तीन हंगामांत त्याच्यासमोर हरीणच आलं नाही, म्हणून तो वाचला.

एरवी लॉइड कर्तबगार माणूस. गावच्या पाणीपुरवठ्यात तीस वर्षं काढलेली, चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा. पण हरीण समोर आलं आणि चाप ओढायची वेळ झाली की त्याचे डोळे गच्च मिटायचे. बंदुकीच्या आवाजाचा त्यानं लहानपणापासून धसका घेतला होता. ही गोष्ट त्यानं जन्मात एकाच माणसाला सांगितली, ती बायकोला. व्हर्नेल म्हणाली होती, "मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. जत्रेत फटाके उडाले तेव्हा तू माझ्या आईच्या मागं लपला होतास."

व्हर्नेल त्याचे शर्ट घरी शिवायची. दर हंगामात कापलेला शर्ट घरी आला की मशीनवर बसून तो पुन्हा खालून दुमडून टीप मारून द्यायची. "या खेपेला काय, झाड मध्ये आलं की ऊन डोळ्यावर आलं?" एवढंच विचारायची. लॉइड उत्तर द्यायचा आणि ती टीप मारता मारता हसायची.

गेल्या डिसेंबरात ती गेली. जाण्याआधी अंथरुणात उशीला टेकून, थांबत थांबत तिनं शेवटचा शर्ट शिवला. लाल चौकड्यांचा, जाड फ्लॅनेलचा. लॉइडनं घालून पाहिला तर मागून तो गुडघ्याशी सलगी करत होता.

"हा फार लांब झालाय गं."

"खोच पँटमध्ये आणि गप बस," व्हर्नेल म्हणाली. "आणि हे बघ, हा कपाटात जपून ठेवायचा नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी घालायचा. शपथ घे."

लॉइडनं शपथ घेतली. औषधांमुळे तिचा अंदाज चुकला असणार, असं त्याला वाटलं आणि तो बाहेर जाऊन रडला.

तर पेच असा होता. शर्ट घालायलाच हवा आणि त्याला कात्री लागता कामा नये. दुसऱ्या कुणी नेम सुधारला असता. कुणी पहिल्या दिवशी गोळीच झाडली नसती. पण नुसतं बसून परत यायचं हे लॉइडच्या मर्दानगीत बसत नव्हतं आणि नेमाबद्दल त्याचा भ्रम केव्हाच फिटला होता. त्यानं सरळ आवाजाचाच काटा काढायचं ठरवलं. चुकलेली गोळी ऐकूच गेली नाही, तर चुकली कशी म्हणणार?

बंदुकीच्या दुकानात ट्रॅव्हिस नावाचा दाढीवाला पोरगेला विक्रेता होता.

"सायलेन्सर दाखव," लॉइड म्हणाला.

"सप्रेसर म्हणायचं, मिस्टर लॉइड. सायलेन्सर सिनेमात असतो."

"नाव काही असू दे. आवाज बंद होतो का?"

"बंद नाही, कमी होतो. नळीतला धमाका दाबला जातो. पण गोळी आवाजापेक्षा जोरात पळते ना, तिचा स्वतःचा फटकारा राहतोच. लांबच्या माणसाला ऐकू जातो, फक्त कुठून आला ते कळत नाही."

माणसाला हवं तेवढंच ऐकू यावं ही सोय निसर्गानं केलेलीच आहे, तिला उपकरण लागत नाही. लॉइडनं ‘धमाका दाबला जातो’ एवढं ऐकलं आणि मान डोलावली.

मग निवड सुरू झाली. आखूड हवा की लांब, पोलादी हवा की हलका, नळीवर थेट आट्यांनी बसणारा की खटक्यानं चढणारा.

"वर्षाला गोळ्या किती झाडता तुम्ही?" ट्रॅव्हिसनं विचारलं.

"एक."

"एकच?" ट्रॅव्हिसच्या चेहऱ्यावर आदर पसरला. "मग तर नेम पक्का म्हणायचा!"

लॉइडनं त्याचा गैरसमज दूर केला नाही. दुकानातला सगळ्यात लांब, सगळ्यात जाड, आट्यांनी बसणारा सायलेन्सर त्यानं पसंत केला. तो लगेच हातात मिळाला नाही. फोटो द्यावा लागला, दहाही बोटांचे ठसे द्यावे लागले आणि सरकारनं ते अकरा महिने न्याहाळले. तेवढ्या वेळात लॉइडनं एका कारागिराकडून रायफलच्या तोंडाशी आटे पाडून घेतले. परवानगीचा कागद आला तेव्हा हंगामाला आठवडा उरला होता.

घरात सगळ्यात चांगला उजेड व्हर्नेलच्या शिवणाच्या टेबलावर. लॉइडनं मशीन अलगद बाजूला सरकवलं, जुना टॉवेल अंथरला, रायफल दोनदा उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि आटे पुसले. सायलेन्सर हातानं फिरवत फिरवत बसवला. मग नळीतून सरळ सळई घालून ती बाहेरच्या भोकातून मधोमध निघते का ते पाहिलं. मधोमध निघाली. विश्वास बसेना म्हणून सगळं काढून पुन्हा बसवलं. संध्याकाळपर्यंत त्यानं ते इतक्या वेळा केलं की चर्चच्या बायका त्याच्यासाठी भाजलेलं मॅकरोनी घेऊन आल्या, तेव्हा एकीला वाटलं दुःखानं याचं डोकं फिरलं. "देव तुमचं भलं करो, मिस्टर लॉइड," ती म्हणाली आणि भांडं लांबूनच ठेवून गेली.

रायफल आता एवढी लांब झाली की कपाटात मावेना. वळताना एक दिवा फुटला. पण चाचणी झकास झाली. घरामागच्या मातीच्या बंधाऱ्यावर लॉइडनं एक गोळी झाडली आणि शेजारच्या कुत्र्यानं मानसुद्धा उचलली नाही. तो कुत्रा दोन वर्षांपासून ठार बहिरा होता, हे लॉइडला कुणी सांगितलं नव्हतं. आणि स्वतःच्या कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं चढवून आपण आवाजाची परीक्षा घेतोय, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

पहिल्या दिवशी पहाटे तो लाल शर्ट घालून क्लबात हजर झाला. व्हर्नेलचा भाऊ हॉलिस दारातच भेटला. हॉलिस क्लबातला पट्टीचा नेमबाज. भिंतीवर त्याच्या नावाची चिंधीसुद्धा नव्हती.

"काय रे मेव्हण्या, बंदूक आणलीस की पाण्याचा पाइप? खात्यातून उचललास वाटतं."

"कानांना त्रास होतो. डॉक्टर म्हणाले आवाज टाळा."

"हरणांना हे कळलं तर पार्टी देतील."

जो तो आपापल्या मचाणावरच्या खोपटात गेला. क्लबाचे अध्यक्ष मिस्टर अ‍ॅमॉस ऐंशीचे झाल्यापासून मचाणावर चढत नसत. ओसरीत कॉफी घेऊन बसत आणि कुठून किती बार झाले ते वहीत टिपत.

सातच्या सुमाराला लॉइडसमोर साठ पावलांवर एक थोराड नर येऊन उभा राहिला. लॉइडनं कान झाकलेलेच होते, त्यात सायलेन्सरवर भरवसा, त्यामुळे बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचे डोळे उघडे राहिले. उघड्या डोळ्यांनी त्यानं पाहिलं की हरीण एक पाऊल उजवीकडे सरकलं. त्यानंही रायफल उजवीकडे वळवली. तिचं ते लांबलचक नाक मचाणाच्या खिडकीच्या चौकटीला खाडकन आपटलं आणि गोळी सुटली. हरणानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि सावकाश निघून गेलं.

लॉइडनं रिकामं काडतूस खिशात घातलं. वाईट वाटलं, पण शर्टावरून हात फिरवला आणि बरंही वाटलं.

दहाला सगळे क्लबात परतले. सॉसेजची ग्रेव्ही आणि तिच्याबरोबर खायची गरम, पावासारखी मऊ बिस्किटं टेबलावर आली. मिस्टर अ‍ॅमॉसनी वही उघडली.

"सात वाजून दहा मिनिटांनी एक गोळी सुटली. हरीण कुठाय?"

लॉइडनं ताटात आणखी ग्रेव्ही वाढून घेतली.

"गोळी? मला नाही बुवा ऐकू आली," तो म्हणाला.

"तुला कशी येईल, तू कान झाकून बसतोस. आम्ही सगळ्यांनी ऐकली. चाबूक मारल्यासारखी वाजली. ओढ्याच्या बाजूनं आली असं मला वाटलं." मिस्टर अ‍ॅमॉसनी चष्म्यावरून बघितलं. "ओढ्याला कोण होतं? हॉलिस?"

सगळ्यांच्या माना वळल्या. हॉलिसनं नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्याची नजर लॉइडवर गेली, कोपऱ्यातल्या लांब रायफलवर गेली आणि शेवटी त्या लाल शर्टावर थांबली. ते कापड आणायला तोच बहिणीला गाडीतून घेऊन गेला होता. त्यानं तोंड मिटलं.

"माझीच गोळी," तो म्हणाला आणि पँटमधून शर्ट उपसायला लागला. "कापा. एकदा व्हायचंच होतं."

कुणीतरी आनंदानं शीळ घातली. मिस्टर अ‍ॅमॉसनी भिंतीवरची कात्री काढली. लॉइड सुटला होता, अगदी निर्वेध सुटला होता. आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, जितकी एकोणीस तुकड्यांनी मिळून वाटली नव्हती.

"खाली बस, हॉलिस." तो उठला. खिशातलं काडतूस काढून टेबलावर ठेवलं. "एकोणीस तुकडे मी घाम गाळून कमावलेत. विसावा तुला फुकट घेऊ देणार नाही."

खोलीत हशा पिकला. मग तो शर्ट कुणाच्या हातचा हे एकेकाला आठवलं आणि हसू विरत गेलं. मिस्टर अ‍ॅमॉसनी कात्री खाली केली.

"लॉइड, या खेपेला राहू दे."

"नको, कापा. नाही कापलात तर ती वर बसून मला सोडणार नाही."

त्यानं पाठ फिरवली आणि शर्ट पँटमधून बाहेर ओढला. तो निघतच राहिला. मिस्टर अ‍ॅमॉस वाकले, कात्री लावली आणि थांबले.

"हॉलिस, जरा इकडे ये. माझी नजर अधू झालीय. हे काय आहे?"

हॉलिसनं कापड उलटं करून बघितलं. खालून वीतभर वर, आतल्या बाजूला, शर्ट आधीच दुमडून पक्की टीप मारून ठेवलेला होता. त्याखालची पट्टी नुसत्या धावदोऱ्यानं जोडली होती. पट्टीवर निळ्या दोऱ्यानं लहान अक्षरांत भरलं होतं: लॉइड, आणि पुढं या वर्षाचं साल.

"कात्री ठेवा, मिस्टर अ‍ॅमॉस," हॉलिस म्हणाला. "दोरा ओढला की झालं. पुन्हा दुमडून द्यायला ती स्वतः नसणार, हे तिला ठाऊक होतं."

लॉइडला पाठीमागचं काही दिसत नव्हतं. त्यानं हात मागं नेला, बोटांनी ती टीप या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

मग दोरा त्यानंच ओढला. पट्टी हातात आली. ती त्यानं स्वतः भिंतीवर ठोकली आणि शर्ट पँटमध्ये खोचला. आता तो बरोबर मापात होता.