टाकीचं घट्ट झाकण

मी एक अमेरिकन गाडी बोलतेय. लांबलचक, आठ सिलिंडरची, मागे माशाच्या परांसारखे दोन पंख असलेली. वयाची साठी उलटली आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. रस्त्यात दिसले की लोक माझ्याबरोबर फोटो काढतात आणि बंद पडले की मागून हॉर्न मारतात. माणसं तीच असतात.

एका प्रचंड कारखान्यात माझा जन्म झाला. बोटीने मी इथे आले. पहिल्या मालकाने माझ्यावर हौस भागवली, दुसऱ्याने मला भाड्याने फिरवलं आणि तिसऱ्याने दहा वर्षं ताडपत्रीखाली ठेवून दिलं. तेव्हा उंदरांनी माझ्या सीटमध्ये संसार थाटला. मग काका आले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांनी ताडपत्री उचलली, माझ्या काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "आहाहा, काय चीज आहे." तो दिवस मी विसरणार नाही.

काकांनी माझ्यासाठी काय केलं नाही? पण तीन वर्षांपूर्वी मला एक खोड लागली. घरातून झोकात निघायचं आणि वीस-पंचवीस मिनिटांनी भर रस्त्यात आचके देत बंद पडायचं. मिस्त्रीने पेट्रोलचा पंप बदलला. फरक नाही. कॉइल बदलली. फरक नाही. मग कार्ब्युरेटर परदेशातून मागवला. तेवढ्या पैशांत स्वयंपाकघर नवं झालं असतं, हे मी काकूंच्या तोंडून रोज ऐकलं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. माझं दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे चाललं होतं. मला मात्र हॉर्नशिवाय आवाज नाही.

शेवटी काका थकले. "पुरे झालं. शनिवारी भंगारवाला येतोय," ते म्हणाले.

"नेमकं काय बिघडलंय ते तरी कळू दे, काका," पुतणी म्हणाली. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गाडी चालवायला ती माझ्यावरच शिकली.

"काय बिघडलं नाही ते विचार."

तिने तेच विचारायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये उलट्या डब्यावर जाऊन बसली.

"बंद पडली की तुम्ही सगळ्यात आधी काय करता?"

"पेट्रोल आहे का बघतो. हिचा काटा कधीच मेलाय. टाकीचं झाकण काढायचं, गाडी हलवायची, आत डचमळलं की झाकण परत लावायचं."

"मग?"

"मग बोनेट उघडून पाच मिनिटं थांबायचं. होते सुरू. दमते बिचारी."

"झाकण न काढता, नुसती थांबून कधी सुरू झालीय?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "हे कुणी बघितलंय?"

तिने बघितलं. मला बंद पडेपर्यंत चालवलं आणि दहा मिनिटं नुसती बसून राहिली. मी ढिम्म. मग मागे आली, नंबरप्लेटमागच्या झाकणाला कान लावला आणि ते हळूच फिरवलं. माझ्या टाकीने सूं करून हवा आत ओढली. तीन वर्षं पुन्हा पुन्हा कोंडणारा श्वास होता तो. ती रस्त्यातच मटकन बसली आणि हसायला लागली.

साधी गोष्ट आहे. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यावी लागते. माझ्या जुन्या झाकणाला त्यासाठी बारीक छिद्र होतं. ते झाकण पेट्रोल भरताना टपावर राहिलं आणि वाटेत कुठेतरी पडलं. काकांनी हौसेने नवं आणलं. चकचकीत, आतून रबर लावलेलं, हवाबंद. त्या दिवसापासून मी गुदमरत होते.

मिस्त्रीने झाकणाला सुईएवढं छिद्र पाडून दिलं. काका ऐकेनात. "एवढ्याशा भोकाने गाडी चालते? मग मी काय मूर्ख होतो?"

"शनिवारी वेधशाळेपर्यंत चला," पुतणी म्हणाली. "अख्खा चढ आहे, अर्ध्या तासाचा. मध्ये थांबली तर किल्ली मी स्वतः भंगारवाल्याला देईन."

शनिवारी निघालो. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. काका घड्याळाकडे बघायचे थांबले. शेवटच्या वळणावर मात्र माझा रेडिएटर तापला. तो जुनाच आहे. उष्णतेचा काटा लाल पट्टीला टेकला.

"थांबव, इंजिन जाईल."

"नाही थांबणार." तिने माझा हीटर पूर्ण चालू केला. इंजिनाची धग आत येऊ लागली. भर उन्हाळ्यात.

"अगं, मला भाजतेस की काय?"

"गाडी वाचतेय, काका. खिडकी उघडा."

काटा जरासा मागे सरकला. मीही ठरवलं होतं, आठही सिलिंडर पणाला लावायचे. वेधशाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा काकांचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. ते उतरून मागे आले, झाकण काढलं आणि छिद्रातून आकाशाकडे बघितलं.

"हे मी आणलं होतं ना?"

पुतणीने हीटर बंद केला.

झाकण परत लावून काका म्हणाले, "भंगारवाल्याला फोन लाव."

"काय सांगू?"

"सांग, गाडी बाहेर गेलीय."

आज मी मिस्त्रीकडे ठोकळ्यांवर उभी आहे. रेडिएटर निघालाय, ब्रेक झिजलेत, पेट्रोलचा काटा अजून मेलेलाच आहे. खर्च होणार, ते मी लपवत नाही. पण तुम्हाला एकच सांगते. माझ्यासारखी एखादी दारात अडली तर पैसे ओतण्याआधी आणि हात झटकण्याआधी तिला नीट विचारा. वेळ लागेल, लागू दे. भंगारापर्यंत मला कुणीही ढकलत नेईल, त्याला इंजिन लागत नाही. मला चढ हवा आहे.