वळणावरचा हॉर्न

दुपारी दीड वाजता धरणातून पाणी सोडण्याआधीचा भोंगा वाजला. मार्ला स्टिडहॅमला तो ऐकू आला नाही. कड्याच्या वळणाखाली भोंगा कधीच पोचत नाही. म्हणून अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरांतल्या त्या नदीवर मासेमारीला लोक नेणाऱ्या वाटाड्यांचा एक रिवाज आहे. वळणाच्या वर ज्याची गाडी उभी असेल, त्याने भोंगा ऐकताच तीनदा हॉर्न द्यायचा. आपसांत भांडण असो, कोर्टकचेरी असो, हॉर्न चुकवायचा नाही.

त्या दिवशी वर रॉइस हेंडली होता. मार्लाशी त्याने मार्चपासून बोलणं टाकलं होतं. त्याचं जुनं गिऱ्हाईक, निवृत्त दंतवैद्य अ‍ॅबट, तिच्याकडे गेलं होतं.

अ‍ॅबट पात्राच्या मधोमध दगडगोट्यांच्या बेटावर उभे होते. पाण्यातून पिवळ्या माश्या निघत होत्या, पंख वाळेपर्यंत वाहत होत्या आणि ट्राउट मासे त्या एकेक टिपत होते. मार्ला काठावर गुंतलेला दोरा सोडवत बसली होती. हॉर्न आला नाही म्हणजे धरण बंद, असं ती धरून चालली होती.

अचानक मासे वर यायचे थांबले. माश्या होत्या, पण त्यांच्यासोबत सुकी पानं वाहत येत होती. काठावरची पानं. पाणी चढत होतं.

"अ‍ॅबट साहेब, गळाची काठी सोडा नि निघा."

"एकदाच गळ टाकतो गं. समोर मोठा मासा आहे."

"आत्ता निघा म्हणते ना."

ते निघाले. मधल्या धारेत पाणी छातीला लागलं तसे माघारी बेटावर गेले. मार्ला कडा चढून वर धावली. मोटरची बोट एकट्या रॉइसकडे होती. तो गाडीच्या मागच्या फळीवर कॉफी पीत बसला होता.

"हॉर्न का नाही दिलास?"

"दिला की, तीनदा. तुझं लक्ष दुसऱ्यांची गिऱ्हाइकं पळवण्यात."

"खोटारडा आहेस."

"मग जा पोलिसांत. कॉफी पाजतील."

"म्हातारा बेटावर अडकलाय. बोट काढ, रॉइस."

"आता बरी आठवली माझी बोट." त्याने कप उपडा केला. "बस पुढे. आणि तोंड बंद ठेव."

ते पोचले तेव्हा बेटाच्या जागी तिथल्या विलोच्या झुडपांचे शेंडे तेवढे पाण्याबाहेर होते. दोघांनी हाका मारल्या, एकमेकांकडे न बघता.

धरणाने पाणी थांबवलं. संध्याकाळी बेट उघडं पडलं. विलोत अ‍ॅबटांची काठी अडकली होती. दोऱ्याच्या टोकाला आमिषाची पिसांची पिवळी माशी तशीच होती.

सकाळी शेरीफच्या एका पोलिसाने मार्लाला वळणाखाली काठावर उभं केलं आणि रॉइसच्या गाडीचा हॉर्न तीनदा दाबला. तिन्ही वेळा तिला स्वच्छ ऐकू आला.

"काल वारा उलटा होता," रॉइस म्हणाला.

"काल वारा नव्हताच," मार्ला म्हणाली.

शेरीफच्या माणसाने दोन्ही लिहून घेतलं. अ‍ॅबट अजून सापडलेले नाहीत.