शून्यकाळातली आठ नावं

सकाळी नऊला दिल्लीहून फोन आला तेव्हा मंजू हरभऱ्याला पाणी द्यायला निघाली होती. खासदारांचे स्वीय सहायक देवानंद बोलत होते.

"मॅडम, तुमचा विषय लागला. आज राज्यसभेत, शून्यकाळात. अकराला सुरू होतं, आपला नंबर नववा. साहेबांना तीन मिनिटं मिळतील. पण एक अडचण आहे."

"काय?"

"पत्रात तुम्ही नऊ माणसं गेली असं लिहिलंय. सरकारी कागदात चारच दिसतात. साहेब म्हणतात, आकड्यावर वाद होतो, मी नावंच वाचतो. नाव, वय, महिना. साडेदहापर्यंत पाठवा."

मंजूने चप्पल घातलेली होती, तशीच ती अंगणात फिरू लागली. शेलूबाजारच्या अलीकडचा हा तांडा. तीन वर्षांपूर्वी हायवे चौपदरी झाला आणि शाळा, विहीर, अर्धी वावरं रस्त्याच्या पलीकडं राहिली. वळायची जागा अडीच किलोमीटरवर, म्हणून माणसं दुभाजकावरून चढून जात आणि गाड्यांखाली सापडत. मंजू ग्रामपंचायतीची सदस्य. दोन वर्षं ती रस्त्याखालून वाट मागत अर्ज करत होती. शेवटचा अर्ज तिने एका लग्नात खासदारांच्या हातातच दिला होता. नऊ हा आकडा तिच्या तोंडात बसलेला होता. पण नऊ नावं एकाखाली एक तिने कधी लिहिली नव्हती.

सासू मोतीबाई उन्हात बसली होती.

"याडी, रस्त्यावर गेलेल्यांची नावं सांग. लवकर."

"कायले?"

"दिल्लीत वाचणार हायेत."

म्हातारीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिली चार नावं पटकन आली. पाचवी धावजीची सून. तिला सगळा तांडा धावजीची सून म्हणायचा. तिचं नाव मोतीबाईला आठवेना. धावजीचं घर कुलूपबंद, सगळे ऊसतोडीला गेलेले. निम्मा तांडाच गेला होता. मंजूने कोल्हापूरकडे नवऱ्याला फोन लावला. वीरेंद्र फडात होता. तीनदा कट झाला. चौथ्यांदा त्याने उचलला.

"धावजीच्या सुनेचं नाव इचारा. आत्ता."

"आत्ता? मोळ्या बांधून राह्यलो आमी."

"आत्ताच."

तो टोळीतून हाका मारत गेला ते तिला ऐकू येत राहिलं. मग म्हणाला, "शकुंतला. बावीस वर्सं."

पुढच्या तिघांसाठी ती दारोदार फिरली. कोणी महिना चुकवला, कोणी वय. एका घरी आधार कार्ड शोधायला पेटी उपसावी लागली. दहा वाजून पाच मिनिटांनी आठ नावं झाली. नववा फुलसिंगचा मुलगा, हेमसिंग.

फुलसिंग बैल धूत होता. ऐकून त्याने हात थांबवला नाही.

"त्याचं नको लिवू."

"काहून काका?"

"त्या दिवशी तो पिऊन होता. पोलिसाच्या कागदात हाये ते. तिथी मोठमोठे लोक बसतेत. कोणी कागद काढला अन् हासलं तं? माह्या पोराले हासाले म्हणून दिल्लीले नाही पाठवत मी."

मंजूने त्याला समजावून पाहिलं. मग घड्याळ पाहिलं आणि आठच नावं पाठवली.

अकराला सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर तिने मोबाइलवर राज्यसभा लावून तो विटेला टेकवून ठेवला. मोतीबाई आणि चार-पाच बायका बसल्या. मागून फुलसिंगही येऊन टेकला. सभागृहात कागदपत्रं पटलावर ठेवली गेली आणि लगेच आरडाओरडा सुरू झाला. दुसऱ्याच कुठल्या विषयावर बरेच सदस्य पुढं येऊन उभे राहिले. सभापती बसायला सांगत होते.

"हे कायले भांडून राह्यले?" मोतीबाईने विचारलं.

"काय माहीत. तहकूब करू नये म्हणजे झालं."

सभापती त्या गोंधळातच एकेक नाव पुकारत राहिले. कोणी नारळाच्या रोगावर बोललं, कोणी रेल्वेच्या थांब्यावर. मध्येच चित्र थांबायचं, आणि मंजू मोबाइल उचलून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. बायका तिच्या मागं सरकायच्या. तिला बसवेना. सातव्या नंबरचा माणूस लांबला, आठवा गैरहजर निघाला.

अकरा चाळीसला खासदार उभे राहिले. गोंधळात त्यांची पहिली दोन वाक्यं कोणालाच कळली नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि सरळ नावं वाचायला लागले. प्रत्येक नावापाशी थांबत होते. शकुंतलाचं नाव आलं तेव्हा समोर घोषणा देणारा एक सदस्य वळून पाहू लागला. आठवं नाव झालं. "महोदय, माझी मागणी आहे की..." आणि माइक बंद झाला. तीन मिनिटं संपली होती. त्यांचे ओठ हलत होते, पण पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

"मागणीच राह्यली," मंजू म्हणाली.

मोतीबाई हळूच "शकुंतला" म्हणाली, नाव तोंडात बसवत असल्यासारखी.

फुलसिंग उठून मोबाइलजवळ आला.

"हेमसिंग नाही आला यात."

"तुमीच नको म्हणाले, काका."

"हो." तो खाली पाहत उभा राहिला. "मले वाटलं हासतीन. कोणी हासलं नाही."

मंजूने देवानंदांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, सभागृहात झालं ते झालं, त्यात आता नाव घालता येणार नाही. मागणीची मात्र काळजी करू नका. दुपारी साहेबांचं पत्र मंत्र्यांकडे जाणार आहे, त्यात भुयारी मार्ग लिहिलाय, आणि नाव वाढवायचं तर तिथं वाढवता येईल.

ती लिहायला बसली. हेमसिंग फुलसिंग, वय चोवीस, महिना भाद्रपद, म्हणजे सप्टेंबर.

"पिऊन होता हे बी लिव," फुलसिंग म्हणाला.

"कायले काका? कोणी इचारलं नाही."

"मंग ते आपल्याले खोटं म्हणतीन. बाकीच्या आठांवर जाईन ते. लिव, पिऊन होता, अन् वावरातून घरी येऊन राह्यला होता. घराले दुसरा रस्ता नव्हता."

तिने त्याच शब्दांत लिहिलं, त्याला वाचून दाखवलं आणि पाठवलं. मग तो बैलांकडे गेला. मंजूला मात्र दिवसभर एका जागी थांबता आलं नाही. तिने हरभऱ्याला पाणी सोडलं आणि पाण्याचा दांड फुटला तरी तिचं लक्ष नव्हतं.

फेब्रुवारीत दोन इंजिनिअर टेप घेऊन आले. त्यांच्या हातात नावांचा कागद होता, नऊ नावांचा. कोण कुठं गेलं ते त्यांनी विचारलं. फुलसिंग त्यांच्यासोबत दुभाजकाच्या कडेने चालत गेला आणि एकेक जागा दाखवत राहिला. शेवटच्या, हेमसिंगच्या जागेवर तो नुसता उभा राहिला. इंजिनिअरने चुन्याने खूण केली.

भुयारी मार्ग कागदावर मंजूर झालाय, असं देवानंद सांगतात. काम सुरू व्हायचं आहे. तोवर सकाळी शाळेच्या वेळी मंजू आणि फुलसिंग रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहतात, गाड्या थांबवतात आणि पोरांना पलीकडं सोडतात.