हातोडा आणि झोप यांच्यामधली मी

मी भिंत बोलतेय. विटांची नव्हे. लाकडाची चौकट, पोटात आवाज शोषणाऱ्या रॉकवूलच्या गाद्या आणि अंगावर जिप्समच्या दुहेरी पाट्या, अशी माझी बांधणी. माझ्या एका बाजूला बाबांचं पत्राकामाचं दुकान आहे आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या मुलीची झोपायची खोली. बाबांसकट सगळे तिला ताईच म्हणतात.

ताई इस्पितळात नर्स. रात्रपाळी करून सकाळी घरी येऊन आडवी झाली, की पलीकडे बाबांचं बादल्या आणि डबे ठोकणं सुरू व्हायचं. मध्ये होती फक्त अर्ध्या विटेची जुनी भिंत.

एका सकाळी ताई उंबऱ्यातच बसली.

"बाबा, आज मी चुकीचं इंजेक्शन भरलं. मोठ्या सिस्टरांनी वेळेवर हात धरला, म्हणून पेशंट वाचला."

बाबांनी हातोडा खाली ठेवला. "दुकान बंद करतो."

"आणि दिवसभर काय कराल? माझ्या डोक्यावर बसाल?"

"मग तू दुसरीकडे खोली घे."

"तुम्हाला एकटं टाकून? ते नाही जमायचं."

हट्टात दोघंही एकाच माळेचे मणी. बाबांनी मधल्या भिंतीवर टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आवाज मी करतो, तर तो मीच अडवीन."

आधी त्यांनी जुन्या भिंतीला अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले. ताई म्हणाली, "आवाज तेवढाच आहे. फक्त आता खुराड्यात झोपल्यासारखं वाटतं."

मग सुतारकाका आले. "आवाज पाण्यासारखा असतो," ते म्हणाले, "फट दिसली की शिरतो. आणि नवी भिंत जुनीला टेकवू नका. मध्ये चार बोटं जागा सोडा, म्हणजे हादरा पोचणार नाही." त्याप्रमाणे बाबांनी मला उभं केलं. सहासष्टाव्या वर्षी, दुकान सांभाळून, तीन आठवड्यांत.

तरीही धपधप येतच होती. "पुष्कळ कमी झालंय, चालेल एवढं," ताई म्हणाली.

"चालेल म्हणून सोडलेली बादली गळते," बाबा म्हणाले. त्यांनी मला कान लावला आणि इंच न् इंच ठोकून पाहिलं. माझी एक फळी मागच्या भिंतीला टेकली होती. त्यांनी मला उघडलं, फळी तासली आणि पुन्हा बंद केलं. दुसऱ्या दिवशी ताई सलग सात तास झोपली. मला कोण अभिमान वाटला!

दोन महिने सुखात गेले. मग एके दिवशी पत्रा निसटला आणि बाबांचं मनगट कापलं. त्यांनी हाका मारल्या. एक, दोन, पाच. मी सगळ्या अडवल्या. मला तेवढंच शिकवलं होतं. शेवटी दातांनी फडकं बांधून ते अंगणातून फिरून ताईच्या दारात पोचले आणि तिथेच कोसळले.

बाबांना टाके घालून परत आणल्यावर ताईने माझ्यावर दोन्ही हात आपटले. "ही पाडायची. आजच."

"हिला नाही पाडायचं," बाबा म्हणाले. "हिला भोक पाडायचं."

माझ्यातून आणि जुन्या भिंतीतून त्यांनी एक वायर नेली आणि भोवतालची फट पुट्टीने बुजवली. तिकडे ताईच्या उशाशी घंटी बसवली. इकडे दुकानात बटण बसवलं जमिनीपासून वीतभर उंचीवर, पडल्यावरही हात पोचावा म्हणून. चाचणीसाठी बाबांनी ते दाबलं. चाचणीच आहे हे माहीत असूनही ताई अनवाणी धावत आली.

तुम्हीही माझ्यासारखी भिंत जरूर बांधा. झोप ही चैन नाही. फक्त शेवटची फट बुजवण्याआधी, पलीकडून कोण हाक मारू शकतं, एवढा विचार करा.

आता दहा वाजलेत. बाबा बादलीला बूड बसवतायत आणि ताई नुकतीच कुशीवर वळलीय. बोलणं पुरे, मला काम आहे.