शहिस्ताचा उजेड

मेव्हण्यानं त्याच्या लेकीच्या, पिंकीच्या हळदीचं शूटिंग शहिस्ताला दिलं आणि वर मला म्हणाला, "दाजी, तुमी पावणं. मानानं बसा." बावीस वर्षं कामशेत-वडगावची लग्नं मी शूट केली, आणि घरच्याच कार्यात मला खुर्ची! तळपायाची आग मस्तकात गेली.

शहिस्ता तळेगावची. परवापरवापर्यंत ब्यूटी पार्लर चालवायची. सामान काय, तर एक कॅमेरा आणि एक पांढरी चादर. माझ्याकडे तीन मोठे दिवे आहेत. ते समोरून मारले की सावळी नवरीसुद्धा पिठात बुडवल्यासारखी पांढरी दिसते, आणि लोक खूश होतात.

मांडव गुलाबी कापडाचा होता. दुपारचं ऊन त्यातून खाली आलं की हळद केशरी दिसते आणि माणसं तापानं फणफणल्यासारखी. हे मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो. तिची फजिती व्हावी असंच मला वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

पण बयेनं एकदा वर बघितलं आणि पाटच हलवायला लावला. मांडवाच्या कडेला, कापड संपतं तिथं, पिंकीला मोकळ्या आभाळाकडं तोंड करून बसवलं. दुसऱ्या बाजूला चादर धरायला बसवली ती माझीच बायको, नंदा. चादरीवरचा उजेड पिंकीच्या अंधारलेल्या गालावर आला. मी चहा न घेताच उठलो.

चार दिवसांनी व्हिडिओ मोबाइलवर आला. मी चुका शोधायला बसलो. हळद पिवळी होती, पिंकी होती तशीच सावळी होती, आणि देखणी दिसत होती. मध्येच दहा सेकंद नंदा आली, चादर धरून हसणारी.

नंदानं ते पाच वेळा मागं घेऊन बघितलं. "मी अशी दिसते व्हय? तुमच्या येकाबी शूटिंगात मी अशी न्हाई."

माझा नुसता जळफळाट झाला. परक्या बाईनं माझी बायको मला दाखवावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नंदाला मागच्या दारात बसवलं. ट्यूब बंद केली, दोरीवर चादर टाकली, चारदा सरकवली. उजेड अगदी तसाच पडला, तसूभरही कमी नाही. मी मनात म्हटलं, घे, शहिस्ता!

आणि नंदानं हनुवटी वर केली, डोळे ताणले, श्वास रोखला.

"अशी काय बसलीस?"

"तुमीच सांगता की, हलू नको म्हून."

"मग तिनं काय सांगितलं होतं?"

"काय बी न्हाई. म्हनली, मावशी, तुमचा गुडघा दुखतोय ना, मग बसूनच धरा." एवढं सांगताना नंदा हसली. तेच हसू. माझा कॅमेरा बंद होता.

"कुठला गुडघा?" मी विचारलं.