सगळे एकाच खटक्यावर

मित्रांनो, सुरतेतल्या डिंडोली भागातल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचा मी जुना सर्व्हर आहे. आमच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरांच्या पोटात स्वतःचं काहीच नव्हतं. वीज आली की ते तारेतून माझ्याकडे मागत, आणि जागं व्हायला लागणारं सगळं मी त्यांना पाठवत असे. ते पोचेपर्यंत त्यांचे पडदे काळे राहत.

मला एका ऑफिसनं विकायला काढलं होतं. तिथून वाल्मिकअण्णांनी मला आणलं. अण्णा मूळचे शिरपूरकडचे, पण हयात गेली ती सुरतेच्या लूमखात्यांत, म्हणजे मागांच्या कारखान्यांत. मागांच्या आवाजानं कान गेले तेव्हा त्यांनी खातं सोडलं आणि आपल्या लोकांच्या मुलांसाठी घराच्या खालच्या खोलीत हा क्लास काढला. शिकवायला उज्ज्वला मॅडम होत्या. यंत्रांची देखभाल अण्णांकडे.

खात्यात वीज आली की सगळे माग एकदम खडखडू लागतात. कॉम्प्युटरही तसेच सुरू झाले पाहिजेत, असा अण्णांचा हट्ट. त्यांनी दाराजवळ एकच मोठा खटका बसवून घेतला. तो ओढला की सगळे कॉम्प्युटर आपोआप चालू.

तेव्हा कॉम्प्युटर मोजकेच होते. पडदे एका रांगेत उजळत आणि अण्णा माझ्यावर थाप मारून म्हणत, "भारी गडी शे हाऊ!" दसऱ्याला पहिला हार मला मिळे.

मग मुलं वाढली. अण्णा कॉम्प्युटर आणत गेले. खटका मात्र तोच राहिला. आता तो ओढला की सगळे एकाच क्षणी माझ्यावर तुटून पडत. माझ्याकडून निघणारी तार एकच. त्यातून प्रत्येकाला थोडं थोडं मिळे, पुरतं कुणालाच मिळत नसे.

"अण्णा, तुमचा सर्व्हर उठेपर्यंत घरी जाऊन भाकरी टाकून येऊ का?" सोनाली नावाची मुलगी म्हणायची. सगळे हसत. कमी ऐकू येत असूनही अण्णांना ते बरोबर ऐकू येई.

वराछ्याहून दुरुस्तीवाला आला. त्यानं धूळ उडवली, माझी मेमरी वाढवली, प्रत्येक कॉम्प्युटरची वायर बदलली. दर वेळी तपासायला खटकाच ओढला. शेवटी म्हणाला, "काका, आ तो डोसो थई गयो." हा म्हातारा झाला. मुलांनी ते नाव लगेच उचललं. मला बोलता आलं असतं तर म्हणालो असतो, एकदा फक्त एकालाच मागू दे.

अण्णांना क्लासला परीक्षा केंद्राची मान्यता हवी होती. ती मिळाली की मुलांना परीक्षेसाठी शहरभर फिरावं लागणार नव्हतं. साहेब पाहणीला आले त्या दिवशी अण्णांनी धुतलेला सदरा घातला आणि खटका ओढला. काळ्या पडद्यांवर नुसते ठिपके सरकत राहिले. साहेबांचा चहा संपला, तरी ठिपकेच. उठताना साहेब म्हणाले, "काका, आपके लिए लूम ही ठीक था."

ते गेल्यावर अण्णा माझ्याजवळ आले. "तूबी दगा दिना ना रे," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी क्लासला कुलूप लावलं. मुलं दुसरीकडे गेली. त्याच हिवाळ्यात अण्णाही गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांची मुलगी गायत्री खाली आली. कॉम्प्युटर एका शाळेला द्यायचे होते. कुठला चालतो, कुठला नाही हे पाहायला तिनं सगळ्यांचे प्लग काढले आणि एकच ठेवला. खटका ओढला. ती खुर्ची पुढे घेते न घेते तोच पडदा उजळला. तिनं दुसरा लावून पाहिला. तोही तसाच. मग तिनं सगळे प्लग परत बसवले आणि खटका ओढला. काळे पडदे. ठिपके.



तिची आई, मालतीबाई, जिन्यावरून म्हणाल्या, "काय व्हयनं वं?"

"आई, हा बिघडलाच नव्हता. सगळे एकदम मागत होते. अण्णांनी एकेक करून चालू केले असते तर..."

"आते मले सांगीसन काय फायदा?" मालतीबाई म्हणाल्या. "ज्यासले सांगानं व्हतं त्या ते गयात."

शाळेनं कॉम्प्युटर नेले. त्यांच्याकडे नवा सर्व्हर होता, म्हणून मला नको म्हणाले. मी आता दाराशी भंगारवाल्याची वाट पाहतो आहे. त्याचं मला फारसं काही नाही. मी दगा दिला, असं समजून एक माणूस गेला, ते मात्र कुणालाच पुसता येणार नाही.

मित्रांनो, घरात, वर्गात कुणी मागे पडू लागलं तर त्याला म्हातारा, मंद, निकामी म्हणणं फार सोपं असतं. त्याआधी त्याच्याकडे एकाच वेळी किती जण मागत आहेत ते बघा. थोडं थांबा, एकेकानं मागा. आणि उमगलं तर लगेच सांगा, ऐकणारा आहे तोवर.