घरातली सर्वांत प्रिय वस्तू

आमचे हे रिटायर झाले आणि महिन्याभरातच यांचा जगण्याचा हेतू हरवला. चष्मा हरवला की मी शोधून देते, हेतू कुठून शोधून देऊ? शेवटी ऑफिसातल्या जुन्या मित्राने यांना एका वर्गात नेलं. तिथे म्हणे ध्येय शोधायला शिकवतात. शिकवणारे सर आमच्या जावयाहून लहान! दर रविवारी स्वारी वर्गातून आली की माझी परीक्षा सुरू.

"तू सकाळी कशासाठी उठतेस, कधी विचार केलायस?"

"नळाला पाणी येतं म्हणून."

"हसण्यावारी नेऊ नकोस गं. माणसाला ध्येय लागतं."

मी आपली मागच्या खोलीत मशीनवर जाऊन बसायची. माझ्या आईने दिलेलं पायाचं शिलाई मशीन. कुणाची चेन बदल, कुणाचा घेर कमी कर, कुणाच्या पोराची पँट आखूड झाली तर दुमड सोड. चार पैसे हाताशी राहायचे, पण खरं सांगू? पैशांसाठी नव्हतं ते. घरभर मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. त्या खोलीत मात्र गल्लीतल्या बायका माझ्याकडे यायच्या.

मुलगी बाळंत झाली म्हणून मी महिनाभर तिच्याकडे राहिले. परत येऊन बघते तर मागची खोली रिकामी. मधोमध चटई आणि भिंतीवर उगवत्या सूर्याचं चित्र.

"अहो, मशीन कुठंय?"

हे असे हसले, जसं काही माझ्यासाठी दागिनाच आणलाय. "सरांनी गृहपाठ दिला होता. घरातली सर्वांत प्रिय वस्तू देऊन टाकायची. खूप विचार केला बघ. या घरात सर्वांत प्रिय काय? तुझं मशीन! मुलींच्या वसतिगृहाला दिलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, त्याग असावा तर असा."

"त्याग कसला डोंबलाचा! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात याला. तुमचा रेडिओ द्यायचा होतात."

"रेडिओ रोज लागतो गं मला."

मला इतका राग आला की रडूच फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला. यांना वाटलं, प्रवासाने दमली असेल. "आता आराम कर," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तडक वसतिगृह गाठलं. मशीन ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात होतं. वर फुलदाणी, आणि पुढच्या बाजूला यांच्या नावाची पितळी पट्टी. माझं नाव कुठेच नाही.

"ते परत न्यायला आलेय," मी तिथल्या बाईंना म्हटलं.

"आता कसं देणार हो? समितीसमोर स्वीकारलंय," बाई म्हणाल्या. "पण इथे कुणालाच चालवता येत नाही. तुम्ही शिकवाल का? पोरींचे कपडे फाटलेलेच असतात. मानधन मात्र नाही हं."

जमणार नाही म्हणून ठणकावून सांगणार होते. पण फुलदाणी कधी खाली ठेवली आणि पाय कधी पायडलवर गेला, मलाच कळलं नाही.

आता रोज दुपारी बसने जाते आणि माझ्याच मशीनवर फुकट शिवते. गल्लीतल्या बायकांनी दुसरी शिवणारी शोधली. मागच्या खोलीत हे डोळे मिटून बसतात, कधीकधी घोरतातही.

गेल्या रविवारी अख्खा वर्ग आमच्याकडे चहाला आला.

"आता हिचंच बघा," हे सांगत होते. "जन्मभर मशीनवर बसली, पण कशासाठी ते ठाऊक नव्हतं. मी ते देऊन टाकलं तेव्हा कुठे हिला हेतू सापडला!"

सगळे माझ्याकडे वळले. "काकू, कसं वाटतंय?" सरांनी विचारलं.

"माझं होतं ते," मी म्हटलं.

"थोडी आसक्ती उरलीय अजून," सर म्हणाले, आणि सगळे प्रेमाने हसले. हेही हसले.

मी कप विसळले आणि बस पकडायला निघाले. पोरी वाट बघत असतात. एकीला आता सरळ शिलाई येते, आणि मलाही तिथे जावंसं वाटतं. जळलं मेलं, यांना खोटं पाडायचं तर मला तिथे जाणं बंद करावं लागेल.